वेळूची रवी आणि वेळूचें सूप

पुण्याच्या पेठांतून सकाळीं फेरफटका मारणाऱ्यास चहाचा परिचय प्रथम नाकानें होतो व मग जिभेनें. अमृततुल्याच्या ओट्यावर पातेल्यांत दूध, साखर, आलें आणि वेलदोडा यांच्या संगतींत चहाची पूड खदखदत असते. फडक्यांतून गाळून तो कपांत ओतला, कीं पिणाऱ्यानें दोन घोटांत संपवावा आणि कामाला लागावें, असा येथील शिरस्ता. चहाची पूड उकळून तिचा अर्क घ्यावयाचा आणि चोथा टाकून द्यावयाचा, ही चहा करण्याची एकच रीत जगांत आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु जपानांत गेलीं आठशें वर्षें दुसरी एक रीत चालत आलेली आहे. तींत चहा उकळीत नाहींत, गाळीत नाहींत आणि चोथाहि टाकीत नाहींत; चहाचें पान दळून त्याचें पीठच ऊन पाण्यांत घुसळून पितात. या पिठाच्या चहास ‘माच्चा’ असें नांव आहे, आणि तो घुसळण्याकरितां जी रवी लागते ती वेळूच्या एकाच कांड्याची केलेली असते.

अलीकडच्या वर्षांत पुण्यांतील उपाहारगृहांतहि हा हिरवा चहा मिळूं लागला आहे. कोणी तो नवलाई म्हणून पितो, कोणी औषध म्हणून. पण तो ज्या उपकरणांवांचून होत नाहीं त्यांच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्या शहरांत बुरुडांची स्वतंत्र आळी आहे, जेथें सूप, रोवळी, दुरडी आणि परडी यांवांचून एकहि मंगलकार्य पूर्वीं पार पडत नसे, त्या शहराला वेळूची भाषा परकी असण्याचें कारण नाहीं. जपानच्या रवीकडे पाहतांना पुण्याच्या सुपाची आठवण व्हावी, आणि सुपाची आठवण होतांच तें करणाऱ्या हातांचीहि व्हावी, हा या व्याख्यानाचा हेतु आहे.

पुणें आणि हा चहा यांमध्यें एक दुवा आधींपासूनच आहे. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ज्या लेखकानें ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनांत जपानाची ओळख मराठी वाचकांस करून दिली, त्याचेंच नांव या जपानी वळणाच्या बागेस मिळावें हें उचितच झालें. ही बाग ओकायामा शहरांतील कोराकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर आंखलेली आहे. मूळ कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदारानें १६८७ सालीं करावयास घेतलें आणि १७०० सालीं तें पुरें झालें. त्यांत तळीं आहेत, टेकड्या आहेत, हिरवळी आहेत; आणि या सर्वांच्या जोडीला चहाचा एक लहानसा मळाहि राखलेला आहे. ओकायामाच्या बागेंत चहाचा मळा असावा याला एक जुना ऐतिहासिक आधारहि आहे. ज्या भिक्षूनें पिठाच्या चहाची चाल जपानांत रुजविली तो एइसाइ याच परिसरांतला. ११४१ सालीं किबित्सु येथें त्याचा जन्म झाला, आणि हें स्थान आजच्या ओकायामा शहराच्या हद्दींत मोडतें. त्यानें दोन वेळां चीन देशाची यात्रा केली. ११९१ सालीं तो परतला तेव्हां झेन पंथाची शिकवण आणि चहाचें बीं हीं दोन्ही त्याच्याबरोबर होतीं. पुढें १२११ सालीं त्यानें चहाच्या आरोग्यदायक गुणांवर ‘किस्सा योजोकि’ नांवाचा एक ग्रंथहि लिहिला.

चहाचें पीठ करून तें वेळूच्या कुंच्यानें घुसळावें ही कल्पना मूळची चीनची. सुंग घराण्यांतील हुइत्सुंग नांवाच्या सम्राटानें ११०७ च्या सुमारास चहावर एक प्रबंध लिहिला, त्यांत या वेळूच्या कुंच्याचा विचार केलेला आढळतो. परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिंग राजवटींत चीननें पिठाचा चहा सोडला व पानांचा चहा स्वीकारला. जन्मभूमीनें सोडलेली चाल परभूमीनें मात्र जतन केली. इतकेंच नव्हे, तर तिच्याभोंवतीं शिष्टाचाराचें, सौंदर्यदृष्टीचें आणि साधनेचें एक संपूर्ण शास्त्र उभें केलें.

या चहाची पूर्वतयारी ऐकली म्हणजे रवीची गरज ध्यानांत येते. खुडणीच्या आधीं सुमारें तीन आठवडे चहाच्या झुडुपांवर आच्छादन घालून त्यांस सावलींत ठेवितात. ऊन कमी झालें, कीं पान अधिक हिरवें व कोंवळें राहतें आणि त्याची चव कमी तुरट होते. खुडलेलीं पानें वाफवून वाळवितात, त्यांतील शिरा आणि देंठ काढून टाकतात, आणि उरलेला गर दगडी जात्यांत दळतात. हें जातें फार सावकाश फिरवावें लागतें, कारण वेग वाढला तर दगड तापून चहाचा सुवास उडून जातो. तासभर दळल्यावर जेमतेम चाळीस ग्रॅमच्या आसपास पीठ मिळतें. पहांटे जात्यावर बसणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हा हिशेब ऐकून हंसूं आलें असतें; पण त्या जात्यावर भाकरीचें पीठ निघे, आणि या जात्यांतून जें निघतें तें अत्तरासारखें मोजून वापरावयाचें असतें.

हें पीठ पाण्यांत विरघळत नाहीं. तें केवळ तरंगत राहतें. चमच्यानें ढवळल्यास त्याच्या गुठळ्या होतात व बाकीचा गाळ तळाशीं बसतो. म्हणून पेल्यांत सुमारें दोन ग्रॅम पूड घालून तीवर साठ-सत्तर मिलिलिटर ऊन, पण उकळतें नव्हे असें, पाणी ओततात, आणि मनगटाच्या हलक्या पण जलद हालचालीनें तें घुसळतात. आपली ताकाची रवी दोरीनें किंवा दोन तळव्यांमध्यें धरून गरगरा फिरवितात. ही रवी मात्र फिरवावयाची नसून पुढेंमागें चालवावयाची असते. पाण्यावर बारीक फेंस आला, कीं रवी अलगद वर उचलून घ्यावयाची. धातूची तार या कामीं चालत नाहीं असें नाहीं. पण ती पेल्याच्या मुलाम्यास ओरखडे पाडते. वेळूची काडी मऊ, लवचीक आणि निःस्वाद असते. ती पेल्याला दुखवीत नाहीं आणि चहाला आपला वास लावीत नाहीं.

ही रवी करणाऱ्यांचें जपानांतील मुख्य ठिकाण म्हणजे नारा प्रांतांतील इकोमा शहराचा ताकायामा हा भाग. चहाच्या उपासनेचा आद्य आचार्य मुराता जुको (१४२३–१५०२) यानें तेथील जहागीरदाराच्या मुलास माच्चा घुसळण्याजोगें साधन करावयास सांगितलें व त्यांतून या कसबाचा उगम झाला, अशी परंपरा तेथें सांगतात. म्हणजे सुमारें पांचशें वर्षें एकाच पंचक्रोशींत हें काम चालूं आहे. कसब घराण्याबाहेर जाऊं नये म्हणून बापानें तें एकाच वारसास शिकवावें असा निर्बंध दीर्घकाळ होता, आणि कारागीर रात्रीं दारें लावून काम करीत, असेंहि म्हणतात. आतां तीं दारें उघडलेलीं आहेत. १९७५ सालीं जपान सरकारनें ताकायामाच्या रवीस पारंपरिक हस्तकलेचा दर्जा अधिकृतपणें दिला. पण दारें उघडलीं तेव्हां आंत काम करणारीं घरें थोडीं उरलीं होतीं. आज तीं वीसच्या आसपास आहेत.

रवीची कृति ऐकण्यासारखी आहे. हिवाळ्यांत तोडलेला वेळू प्रथम उकळत्या पाण्यांतून काढून त्याचें तेल व मळ घालवितात. मग कापणी झालेल्या भातखाचरांत तो उभा करून हिवाळ्याच्या कोरड्या उन्हांत वाळवितात. त्यानंतर वर्ष-दोन वर्षें, कधीं अधिकहि, तो कोठारांत मुरूं देतात. ज्या वेळूला घाईनें हात लावला तो पुढें फाटतो किंवा वांकतो, हें तेथील कारागिरास ठाऊक असतें. आपल्या बुरुडासहि तें ठाऊक आहे. मुरलेल्या वेळूचा वीतभराहून लहान असा तुकडा घेतात, तो असा कीं त्यांत गांठ यावी. गांठीच्या खालचा भाग मूठ व्हावयाचा आणि वरच्या भागाच्या काड्या व्हावयाच्या.

वरच्या भागाची साल तासून काढल्यावर सुरीनें त्याचे उभे सोळा भाग पाडतात. ते बाहेरच्या बाजूस वांकवून प्रत्येकाचा आंतला गाभा काढून टाकतात व सालीलगतचा चिवट भाग तेवढा ठेवितात. मग या सोळांपैकीं प्रत्येक भाग पुनः चिरावयाचा. नेहमींच्या रवीकरितां एकेका भागाच्या दहा काड्या करितात, म्हणजे एकूण एकशें साठ होतात. त्यांतील ऐंशी बाहेरच्या वर्तुळांत व ऐंशी आंतल्या वर्तुळांत जावयाच्या. पुढें त्या ऊन पाण्यांत भिजवून एकेक काडी आंतून तासतात, ती टोंकाकडे पातळ होत होत कागदासारखी होईपर्यंत. या पायरीला कारागीर ‘अजिकेझुरि’ म्हणतात. अजि म्हणजे चव आणि केझुरि म्हणजे तासणें. काडी किती तासली यावर फेंस अवलंबून आणि फेंसावर चहाची चव अवलंबून. म्हणून काडी तासणें म्हणजे चवच तासणें, असा या शब्दाचा भावार्थ. यानंतर बाहेरच्या काड्यांच्या कडा बोथट करावयाच्या, म्हणजे चहा त्यांस चिकटून राहूं नये. शेवटीं दोऱ्यानें काड्यांची गुंफण करून आंतलें व बाहेरचें अशीं दोन वर्तुळें वेगळीं करावयाचीं. यांत खिळा नाहीं आणि सरसहि नाहीं. एक सुरी, थोडा दोरा आणि दहा बोटें एवढाच सरंजाम. वेळूचें एक कांडें जन्मास आलें तसेंच अखंड राहतें. तें फक्त एका टोंकाला फुलून येतें.

चहाच्या तीन मुख्य घराण्यांत रवीच्या वेळूविषयीं भिन्न आवडी आहेत. उरासेन्के घराणें पांढुरक्या वेळूची रवी वापरतें, मुशाकोजिसेन्के काळ्या वेळूची, आणि ओमोतेसेन्के धुरकटलेल्या वेळूची. हा धुरकट वेळू रानांत मिळत नाहीं. जुन्या गवताच्या छपरांच्या घरांत जमिनींतील चुलीचा धूर शंभर-दीडशें वर्षें आढ्यास लागून तेथील वेळू तांबूस तपकिरी होतो. घर पाडलें कीं तो हातीं लागतो. आतां तशीं घरेंहि नाहींत आणि तशा चुलीहि नाहींत. त्यामुळें तो वेळू दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. घराच्या आढ्याचा वेळू शेवटीं पाहुण्याच्या चहाला उपयोगीं पडावा, ही गोष्ट सांगूनहि खरी वाटूं नये अशी आहे.

रवीबरोबर आणखी दोन-तीन उपकरणें वेळूचीं असतात. पूड काढण्याची पळी, म्हणजे ‘चाशाकु’, ही वेळूची एक अरुंद पट्टी असून तिचें टोंक वाफेवर किंवा धगीवर वांकविलेलें असतें. पाणी घेण्याचा ‘हिशाकु’ हा ओगराळ्यासारखा असतो. त्याची वाटी म्हणजे वेळूचें एक लहान कांडें व दांडी म्हणजे वेळूची एक लांब पट्टी. किटलीचें झांकण टेकविण्याचें लहान बैठकेवजा साधनहि वेळूचेंच. उन्हाळ्यांतील शेगडीकरितां त्याची गांठ वरच्या टोंकाशीं ठेवितात आणि हिवाळ्यांतील चुलीकरितां मध्याच्या जवळ. ऋतु बदलला हें पाहुण्यास कोणी सांगत नाहीं. वेळूची गांठ सांगते.

चीनमधून आलेल्या जुन्या पळ्या हस्तिदंताच्या असत. वेळूची पळी, आणि तीहि मधोमध गांठ ठेवून, सन्मानानें वापरण्याची रीत सेन नो रिक्यु (१५२२–१५९१) या आचार्यानें रूढ केली. ज्या काळांत तोयोतोमी हिदेयोशी हा सत्ताधीश सम्राटापुढें सोन्यानें मढविलेली चहाची खोली मांडीत होता, त्याच काळांत त्याच्याच पदरीं असलेला रिक्यु वेळूच्या साध्या कांड्याचें फूलपात्र करून मांडीत होता. १५९० सालच्या ओदावाराच्या मोहिमेंत त्यानें निरायामा येथील वेळूपासून केलेलें एक फूलपात्र तोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्याला उभी चीर गेलेली आहे. तींतून पाणी गळतें, अशी एकानें तक्रार केली, तेव्हां तें गळणें हेंच त्याचें जीवित आहे असें उत्तर मिळालें, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षीं हिदेयोशीच्या आज्ञेनें रिक्युला प्राणत्याग करावा लागला. अखेरच्या दिवसांत त्यानें स्वहस्तें कोरलेली वेळूची एक पळी फुरुता ओरिबे या त्याच्या शिष्याकडे आली. शिष्यानें तिच्यासाठीं एक नळी केली, त्या नळीला खिडकी पाडली, आणि गुरूचें स्मारक म्हणून तो त्या खिडकींतून तिचें दर्शन घेऊं लागला. त्या पळीचें नांव ‘नामिदा’, म्हणजे अश्रु. आज ती नागोया येथील तोकुगावा कलासंग्रहालयांत आहे. वजन पाहावें तर एका पिसाइतकें, किंमत पाहावी तर मोजतां न येणारी.

आतां पुण्याकडे वळूं. संस्कृतांत ‘वंश’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक वेळू आणि दुसरा कुळ. वेळूच्या एका मुळापासून कोंभामागून कोंभ उगवतात व बेट वाढत जातें, तसें कुळ वाढावें, ही कल्पना त्या शब्दांत आहे. म्हणूनच महाराष्ट्रांतील विवाहविधींत ऐरणीदान अथवा वंशपात्रदान हा संस्कार आला. वेळूच्या पात्रांत दिवे लावून तें वरपक्षाकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या मस्तकीं क्रमानें टेकवितात. कन्या दिली ती वंशासाठीं, आणि त्याची साक्ष वेळूची. सौभाग्याचें वाण सुपांतून द्यावयाचें, नवजात बालकास सुपांत निजवावयाचें, नवरात्रांत देवीची परडी भरावयाची, दिवाळींत कामट्यांचा आकाशकंदील टांगावयाचा. आणि शेवटीं ज्या तिरडीवर देह ठेवावयाचा तीहि वेळूचीच. पाळण्यापासून स्मशानापर्यंतची सोबत करणारें असें दुसरें झाड मराठी घराला नाहीं. अर्थात् वनस्पतिशास्त्राप्रमाणें वेळू हें झाडच नव्हे. तें एक प्रचंड गवत आहे.

सुपाची घडण पाहिली तर ताकायामाच्या रवीहून तिच्यांत बुद्धि कमी लागत नाहीं. बुरूड कोयत्यानें वेळू उभा फोडतो, त्याची साल आणि गाभा वेगळा करितो, आणि सालीच्या एकसारख्या पातळ पट्ट्या काढून त्यांची वीण घालतो. सूप तीन बाजूंस उचललेलें व एका बाजूस मोकळें असतें, तें उगीच नव्हे. धान्य वर आसडलें म्हणजे जड दाणा मागें येतो आणि हलका कोंडा मोकळ्या कडेवरून उडून जातो. वीण फार घट्ट झाली तर सूप जड होतें, सैल झाली तर त्यांतून बारीक दाणा निसटतो. रोवळीचा तळ चौकोनी आणि तोंड वाटोळें. तींत तांदूळ धुतले कीं पाणी निथळून जातें व शीत एकहि जात नाहीं. अजिकेझुरिसारखा भारदस्त शब्द येथें कोणी दिला नाहीं एवढेंच. पण काडी किती पातळ काढावी हें डोळ्यांनीं न मोजतां बोटांनीं ओळखणें, हें कसब दोन्हीकडे सारखेंच आहे.

मग एका ठिकाणचें साधन संग्रहालयांत गेलें व दुसऱ्या ठिकाणचें अडगळींत गेलें, याचें कारण काय? एक कारण उघड आहे. सुपाचें काम गिरणीनें व निवडून पाखडून पिशव्यांत भरलेल्या धान्यानें हिरावून घेतलें, आणि उरलेली जागा पत्र्याच्या व प्लॅस्टिकच्या सुपानें घेतली. माच्चाची रवी मात्र ज्या कामासाठीं झाली तें काम तिच्यावांचून तितकें चांगलें होत नाहीं. पण हें कारण पुरतें नाहीं. जपानांतहि सगळें आलबेल आहे असें नाहीं. चीनमध्यें तयार झालेल्या स्वस्त रव्यांनीं तेथील बाजारपेठ व्यापली आहे. कसब शिकणारे तरुण थोडे आहेत. शिवाय ज्या जातीच्या वेळूची रवी मुख्यत्वें करितात त्या हाचिकु वेळूला सुमारें एकशें वीस वर्षांनीं एकदां फुलोरा येतो व तो आल्यावर वेळू मरतो. गेला फुलोरा विसाव्या शतकाच्या आरंभीं येऊन गेला, म्हणून पुढचा आतांच येऊं लागला आहे. आपल्याकडील कळकालाहि चाळीस-पन्नास वर्षांनीं फुलोरा येतो आणि बेटेंच्या बेटें वाळून जातात. निसर्गानें दोघांनाहि समान संकट दिलें आहे.

भेद आहे तो मनुष्यानें केलेल्या दोन गोष्टींत. पहिली गोष्ट कायद्याची. १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमांत वेळूची गणना वृक्षांत केलेली होती. त्यामुळें स्वतःच्या बांधावर वाढविलेला वेळू तोडून बाजारांत नेण्यासहि परवान्यांचा जांच सोसावा लागे. ज्याचें पोट वेळूवर त्यालाच वेळू दुर्लभ, अशी ही स्थिति नव्वद वर्षें टिकली. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवाला २०११ सालीं आपल्या सामूहिक वनांतील वेळू विकण्याचा हक्क प्रत्यक्ष बजावतां आला. आणि २०१७ सालीं दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला वेळू ‘वृक्ष’ या व्याख्येंतून वगळण्यांत आला. गवताला गवत म्हणावयास एवढा काळ जावा लागला.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि ती कायद्याच्या दुरुस्तीनें सुटणारी नाहीं. रिक्युनें वेळूची पळी हातीं घेतली तेव्हां त्यानें वस्तूबरोबर करणाऱ्याचाहि मान वाढविला. पळीवर करणाऱ्याचें नांव येऊं लागलें, रवीवर घराण्याचें नांव येऊं लागलें. आपण सुपाला हळदकुंकू वाहिलें, वंशपात्राला मस्तकीं धरलें. पण तें विणणारा मात्र उंबरठ्याच्या बाहेर राहिला. बुरूड ही जात महाराष्ट्रांत अनुसूचित जातींच्या यादींत आहे, यावरूनच त्या बाहेर राहण्याचा इतिहास ध्यानांत यावा. वस्तु पवित्र आणि हात अपवित्र, असा हा विलक्षण हिशेब होता. त्याचा परिणाम असा झाला कीं वस्तूची निपुणता कोणी पारखली नाहीं, चांगलें सूप आणि बरें सूप यांच्या किंमतींत भेद राहिला नाहीं, आणि ज्या मुलाला शिक्षणाची संधि मिळाली त्यानें पहिल्या पावलालाच बापाचा कोयता खालीं ठेविला. त्याला दोष कोण देईल? जेथें कसबाला किंमत नाहीं व माणसाला मान नाहीं, तेथें धंदा टिकवावा असा उपदेश करणें हा कारागिरावर अन्याय आहे.

याच परंपरेंत याहून वेगळा विचारहि झालेला आहे, तो विसरतां कामा नये. बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या कल्याण नगरींत मेदार केतय्या नांवाचे शरण होऊन गेले. ते वेळू फोडून टोपल्या-सुपें विणीत व त्यावर निर्वाह करीत. बुरूड समाज त्यांना आजहि आपले संत मानतो. श्रम हीच उपासना, हातानें केलेलें प्रामाणिक काम हाच देवाकडे जाण्याचा मार्ग, हा त्या शरणांचा सिद्धांत. रिक्युच्या आधीं चारशें वर्षें वेळूच्या कामाला साधनेची प्रतिष्ठा देणारा विचार आपल्याजवळ होता. आपण तो पोथींत ठेविला आणि बाजारांत मात्र चार पैशांची घासाघीस केली.

यावर उपाय म्हणून पुण्याच्या बुरुडांनीं जपानी रव्या कराव्या, असें कोणी सुचवील, तर तें फारसें शहाणपणाचें होणार नाहीं. आपला मानवेल जवळजवळ भरीव असतो. लाठीला तो उत्तम, पण रवीच्या पोकळ पातळ कांड्याला उपयोगाचा नाहीं. कोंकणांतील माणगाहि बराचसा भरीवच. प्रत्येक भूमीचा वेळू वेगळा आणि त्यांतून निघणारी वस्तुहि वेगळी. जपानापासून घेण्याजोगी वस्तु नव्हे, दृष्टि आहे. तेथील यजमान रवी विकत घेतांना काड्या मोजतो, वेळूचा रंग पाहतो, ती कोणाच्या हातची आहे हें विचारतो आणि कारागिराच्या वेळाची किंमत देतो. पुण्याच्या गृहिणीलाहि एके काळीं हें येत होतें. सूप उलटें करून त्याची वीण बघणें, कडेची बांधणी बोटानें दाबून पाहणें, रोवळी उजेडापुढें धरून छिद्रें सारखीं आहेत कीं नाहींत हें तपासणें, ही पारख आजीनें नातीला दिलेली विद्या होती. ती विद्या लोपली म्हणून वस्तु लोपली. वस्तु लोपली म्हणून विद्या लोपली, असेंहि म्हणतां येईल. यांपैकीं एक टोंक तरी ग्राहकाच्या हातीं आहे.

बुरूड आळी आजहि ओस पडलेली नाहीं. गणेशोत्सव जवळ आला कीं मखरांकरितां व मांडवांकरितां वेळूची मागणी येते, नवरात्रांत परड्या लागतात, लग्नसराईंत सूप-रोवळी हवी असते. पण सणाच्या मागणीवर कारागीर बारा महिने जगत नाहीं. पोळ्यांची दुरडी, फळांची करंडी, खिडकीचा पडदा, कागदांची टोपली, या वस्तु रोजच्या आहेत, आणि त्या वेळूच्या असल्यास घराची शोभा कमी होत नाहीं. त्या घेतांना भाव पाडण्याआधीं वीण पाहावी; आवडली तर करणाऱ्याचें नांव विचारून घ्यावें, आणि पुढच्या वेळीं त्याच नांवानें त्याच्याकडे जावें. एवढ्यानें धंदा तरेल असें वचन कोणी देऊं शकणार नाहीं. पण कसबाची पहिली गरज जी ओळख, ती तरी त्यानें पुरी होईल.

जपानांत रवीच्या काड्या वापरून झिजल्या व तुटल्या, म्हणजे ती केरांत टाकीत नाहींत. अशा जुन्या रव्या एकत्र करून मंदिरांत नेतात आणि कृतज्ञतेच्या विधीनें त्या अग्नीला अर्पण करितात. आपल्याकडे याच्या नेमकी उलट चाल आहे : वेळू चुलींत घालूं नये, त्यानें वंशाला धक्का लागतो, असें जुन्या बायका सांगत. एकीकडे जाळून मान देतात, दुसरीकडे न जाळून मान देतात. भाव मात्र एकच. जी वस्तु आपल्यासाठीं झिजली तिला निरोप देतांना हात जोडावे, हा तो भाव. पुण्याच्या घरांतून सूप गेलें तेव्हां त्याला असा निरोप कोणी दिला नाहीं. तें माळ्यावर गेलें आणि तेथेंच राहिलें. श्रोत्यांपैकीं कोणाच्या माळ्यावर तें अजून असेल, तर त्यानें तें एकदां खालीं काढून, धूळ झटकून, उजेडांत धरून पाहावें. कडेची बांधणी अजून पक्की असेल. ती ज्या हातांनीं बांधली त्यांचें नांव घरांत कोणाला आठवतें का, एवढें मग विचारून पाहावें.